चौथी पाळी

एप्रिल १९२४. फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिथल्या डिकॉनेस हॉस्पिटलमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील आले होते. मुलीचं नाव यॉर्डिस. गाव फॉग्लो. गाव म्हणजे खरं तर एक बेट. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या समुद्रात ओलांद नावाचा बेटांचा पुंजका आहे, त्यातलं एक. ही बेटं कुणाची यावरून दोन देशांत वाद होता. तीनच वर्षांपूर्वी राष्ट्रसंघानं ती फिनलंडकडे ठेवायचा निर्णय दिला होता. बेटावरची माणसं मात्र बोलत होती स्वीडिशच.

यॉर्डिसची तक्रार अशी, की तिचं रक्त थांबत नाही. घोळणा फुटला की फुटला. हिरड्यांतून रक्त, दात पडला की रक्त. तीन वर्षांची असताना वरचा ओठ फाटला होता, तेव्हा तीन दिवस रक्त वाहत राहिलं. शुद्ध हरपायची वेळ आली. मग कित्येक आठवडे दवाखान्यात काढावे लागले.

आईवडिलांना यात नवल वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं. यॉर्डिस अकरा भावंडांतली नववी. तिच्या चार बहिणी अगदी लहान वयात रक्त वाहूनच गेल्या होत्या. आईच्या माहेरी हा त्रास होता, वडिलांच्या घराण्यातही होता.

तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव एरिक व्हॉन विलेब्रांड. वय चोपन्न. आज जगभरातल्या लॅबच्या रिपोर्टांवर त्यांचं आडनाव छापलं जातं. पण त्या दिवशी त्यांच्यापुढे एक साधी अडचण होती. समोर बसलेली रुग्ण मुलगी होती, आणि त्या काळच्या वैद्यकाच्या पुस्तकांप्रमाणे मुलींना हा आजार होतच नव्हता.

'बायका फक्त पुढे देतात'

हा नियम आला कुठून, ते आधी पाहू. कारण तो फार जुना आहे.

ज्यू धर्मग्रंथ तालमूदमध्ये एक प्रसंग आहे. चार बहिणी. पहिलीनं मुलाची सुंता केली, मूल दगावलं. दुसरीचंही तसंच झालं, तिसरीचंही. चौथी धर्मगुरूंकडे गेली, तर त्यांनी सांगितलं की तू सुंता करू नकोस. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. निरीक्षण किती नेमकं आहे पाहा. रक्त न थांबण्याचा दोष आईकडून येतो, बहिणीबहिणींच्या मुलांत दिसतो, हे त्यांना कळलं होतं. पण चौघींपैकी एकीच्याही स्वतःच्या रक्ताबद्दल त्यात अवाक्षर नाही.

१८०३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन कॉनरॅड ओटो या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या अशा एका घराण्याबद्दल लेख लिहिला. त्रास फक्त पुरुषांना होतो, बायकांना होत नाही, पण बायका तो मुलांना देतात, असं त्यांचं म्हणणं. १८२० मध्ये नासे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी याचा नियमच करून टाकला. १८२८ मध्ये या आजाराला हिमोफिलिया हे नाव छापून मिळालं.

आणि मग आली राणी व्हिक्टोरिया. जिच्या नावानं आपण कित्येक वर्षं 'व्हीटी' म्हणत आलो, तीच. तिचा मुलगा लिओपोल्ड याला हिमोफिलिया होता. १८८४ मध्ये पडल्याचं निमित्त होऊन तो तिसाव्या वर्षी गेला. राणीच्या मुली-नातींमधून हा आजार स्पेन आणि रशियाच्या राजघराण्यांत पोचला. रशियाच्या झारचा एकुलता एक मुलगा अलेक्सी याचं दुखणं तर इतिहासाच्या पुस्तकांत आलं. हिमोफिलिया म्हटलं की डोळ्यांपुढे एक फिकुटलेला राजपुत्र आणि उशाशी बसलेली दुःखी आई, हे चित्र तेव्हापासून पक्कं झालं.

हिमोफिलियापुरता हा नियम बऱ्याच अंशी बरोबर होता, हेही सांगितलं पाहिजे. त्यातला बिघाड एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाकडे एक्स एकच, तो बिघडला की दुसरा आधार नाही. बाईकडे दोन. म्हणून तीव्र हिमोफिलियाचे रुग्ण बहुतेक पुरुष असतात. घोटाळा झाला तो पुढे. एका आजाराचा नियम रक्तस्रावाच्या सगळ्याच आजारांना लावला गेला. बाई म्हटली की 'वाहक'. तिच्यातून आजार जातो, तिला होत नाही. मग बाईनं स्वतःच्या रक्तस्रावाबद्दल काही सांगितलं, तर ते ठेवायला पुस्तकात रकानाच नव्हता.

सहासष्ट माणसांची यादी

व्हॉन विलेब्रांड यांनी केलं ते एवढंच, की पुस्तकावर विसंबून मुलीला परत पाठवलं नाही. त्यांनी तिच्या नातलगांची माहिती जमवायला घेतली. दोन्ही बाजूंची वंशावळ मांडली. सहासष्ट माणसांचा हिशोब लागला. त्यातल्या तेवीस जणांना रक्तस्रावाचा त्रास होता, आणि त्यांत बायका जास्त होत्या.

मग चाचण्या. तेव्हा हाताशी असलेली साधनं साधी होती. १९१० मध्ये अमेरिकेतल्या विल्यम ड्यूक यांनी एक सोपी पद्धत काढली होती. कानाच्या पाळीला बारीक छेद द्यायचा आणि दर अर्ध्या मिनिटानं टिपकागद लावायचा. कागदावरचे ठिपके लहान लहान होत जातात आणि शेवटी कागद कोरा निघतो. तेवढा वेळ म्हणजे रक्त थांबायला लागलेला वेळ. निरोगी माणसात हे काही मिनिटांत आटपतं. या कुटुंबात ठिपके थांबत नव्हते.

आता गंमत अशी, की काचेच्या नळीत घेतलेलं त्यांचं रक्त नेहमीसारखं गोठत होतं. हिमोफिलियात उलट असतं. तिथे नळीतलं रक्त गोठायला वेळ लागतो. बरं, प्लेटलेट कमी असतील म्हणावं, तर त्याही नेहमीइतक्याच होत्या. (डेंग्यूच्या दिवसांत आपण सगळे ज्यांचे आकडे मोजत बसतो त्याच या प्लेटलेट.) म्हणजे हा हिमोफिलिया नव्हता आणि प्लेटलेटच्या कमतरतेचा आजारही नव्हता. काहीतरी तिसरंच होतं.

१९२६ मध्ये त्यांनी फिनलंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात स्वीडिश भाषेत लेख लिहिला. आजाराला नाव दिलं 'आनुवंशिक स्यूडोहिमोफिलिया'. स्यूडो म्हणजे खोटा, भासमान. बायकांना मोठ्या संख्येनं होणारा रक्तस्रावाचा आजार पहिल्यांदा नीट नोंदवला गेला, तोही 'खोटा हिमोफिलिया' म्हणून. खरा कोणता, हे आधीच ठरलेलं होतं.

कोमेजलेली फुलं

त्याच दशकात युरोपातले इतर डॉक्टर बायकांच्या रक्ताबद्दल काय लिहीत होते, तेही बघण्यासारखं आहे.

१९२० मध्ये व्हिएन्नाच्या बेला शिक यांनी एक निबंध छापला. शिक म्हणजे कुणी भोंदू नव्हते. घटसर्पाच्या चाचणीमुळे त्यांचं नाव आजही पुस्तकांत आहे. त्यांचं म्हणणं असं, की पाळी आलेल्या बाईनं हातात घेतलेली फुलं लवकर कोमेजतात, म्हणजे तिच्या घामातून एखादं विष बाहेर पडत असणार. त्याला पुढे 'मेनोटॉक्सिन' म्हटलं गेलं. हे विष शोधण्यात पुढची कित्येक वर्षं लोक खपले. ते सापडलं नाही, कारण नव्हतंच.

आपल्याला हे वाचून हसू येतं. पण लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही, पापडाच्या लाट्यांपासून दूर बसायचं, हे आपल्यापैकी अनेकींनी आजीकडून ऐकलेलं आहे. काहींच्या घरात आजही चालतं. 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसवलेल्या बाईकडे सगळ्या घराचं लक्ष असायचं. तिनं कुठे हात लावला, कुठे सावली पडली, किती दिवस झाले. तिचं रक्त किती जातंय, इकडे मात्र कुणाचंच लक्ष नसायचं.

व्हिएन्नातही तेच चाललं होतं. फुलं किती वेळ टिकतात ते मोजलं गेलं. बाईचं रक्त कुणी मोजलं नाही.

तेरावं वर्ष

यॉर्डिसचं पुढे काय झालं?

बालपण तिनं काढलं. ओठ फाटला, घोळणे फुटले, दात पडले, त्या सगळ्यांतून ती वाचली. मग तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या पाळीत रक्त थांबलं नाही. त्यातच ती मरण पावली.

ज्या मुलीमुळे हा आजार जगाला कळला, तिचा जीव घ्यायला अपघात लागला नाही की शस्त्रक्रिया लागली नाही. दर महिन्याला निम्म्या जगाला जे होतं, ते पुरलं.

हे असं का व्हावं, हे तेव्हा कुणाला सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. जखम झाली की वाहत्या रक्तातल्या प्लेटलेटना त्या जागी अडकून बसावं लागतं. रक्ताला वेग असतो, त्यामुळे त्या आपोआप चिकटत नाहीत. त्यांना धरून ठेवणारं एक लांबलचक, चिकट प्रथिन रक्तात असतं. ते एका टोकानं फाटलेल्या रक्तवाहिनीला धरतं आणि दुसरीकडून प्लेटलेटना. शिवाय रक्त गोठवणारा 'फॅक्टर आठ' नावाचा घटक सांभाळून नेण्याचं कामही तेच करतं. हे प्रथिन कमी असेल किंवा सदोष असेल, तर नाक, हिरड्या, आतडी आणि गर्भाशय यांच्या नाजूक अस्तरांतून होणारा रक्तस्राव लवकर थांबत नाही.

गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला गळतं. असंख्य बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात. तिथे पट्टी बांधता येत नाही, टाका घालता येत नाही. बाळंतपणात तर याहून मोठी जखम होते. या प्रथिनाचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे त्याचा एक्सशी संबंध नाही. त्यामुळे आजार बाई आणि पुरुष दोघांना सारखाच मिळू शकतो. पण परीक्षा बाईच्या शरीराची जास्त वेळा होते. व्हॉन विलेब्रांड यांच्या यादीत बायका जास्त का दिसल्या, याचं उत्तर यात आहे.

गहाळ घटक

हे उत्तर मिळायला आणखी तीसेक वर्षं गेली. १९५० च्या दशकात स्वीडनच्या माल्मो शहरात इंगा मारी निल्सन नावाच्या डॉक्टर रक्तस्रावाच्या रुग्णांवर काम करत होत्या. तिकडे स्टॉकहोममध्ये मार्गारेटा आणि बिर्गर ब्लोमबेक हे जोडपं माणसाच्या रक्तद्रवातून शुद्ध घटक वेगळे काढत होतं. त्यांनी तयार केलेला एक घटक निल्सन यांनी अशाच आजाराच्या एका तरुण बाईला दिला आणि तिचं रक्त थांबायला लागणारा वेळ कमी झाला. ही मंडळी ओलांदलाही गेली, तिथल्या कुटुंबांचं रक्त तपासलं. व्हॉन विलेब्रांड यांनी पाहिलेला आजार तो हाच, याची खात्री झाली.

मग त्यांनी एक फार हुशार प्रयोग केला. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातून तोच घटक काढला. त्या रक्तात फॅक्टर आठ नसतोच. तरीही त्याचा या आजारात उपयोग झाला. म्हणजे इथे कमी होतं ते फॅक्टर आठहून वेगळं असं काहीतरी. त्याला पुढे नाव मिळालं 'व्हॉन विलेब्रांड फॅक्टर'. 'खोटा हिमोफिलिया' जाऊन 'व्हॉन विलेब्रांडचा आजार' आला. १९८५ मध्ये त्याचं जनुक सापडलं. १९९३ मध्ये ओलांदच्या कुटुंबांतला नेमका बिघाडही हाती लागला. त्या जनुकातलं एकच अक्षर गळालेलं होतं.

यॉर्डिसचा प्रकार तीव्र होता. तो होण्यासाठी बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते. सौम्य प्रकार यापेक्षा कितीतरी जास्त आढळतात. इटलीत शाळकरी मुलांची पाहणी झाली होती, ती १९८७ मध्ये छापून आली. त्यात हजारात आठ मुलांमध्ये या आजाराची चिन्हं सापडली. सगळ्यांना त्रास होत नाही. पण रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारांत सर्वांत जास्त आढळणारा आजार हाच आहे. हिमोफिलियाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, याचं फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

जास्त म्हणजे किती?

समजा तुम्ही आईला सांगितलंत, की माझ्या खूप अंगावरून जातं. आई म्हणते, माझंही असंच होतं. मावशीचंही तसंच. आपल्या घरात असंच असतं.

हे वाक्य धीर द्यायला म्हटलेलं असतं. पण आजार आनुवंशिक असेल तर तेच वाक्य त्याचं पहिलं लक्षण असतं. ज्या घरात सगळ्याच बायकांचं रक्त जास्त जातं, तिथे जास्त हेच नेहमीचं होऊन बसतं. तुलना करायची कुणाशी?

ती तुलना १९६६ मध्ये स्वीडनमध्ये झाली. ल्यिफ हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योटेबोर्ग शहरातल्या बायकांकडून वापरलेले पॅड गोळा केले आणि त्यांतलं रक्त प्रयोगशाळेत मोजलं. एका पाळीत ऐंशी मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर ते जास्त, ही आजही सांगितली जाणारी मर्यादा त्यातून आली. ऐंशी मिलिलिटर म्हणजे जेमतेम एक कटिंग चहा. सतत याच्या वर रक्त जाणाऱ्या बायकांत पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया, जास्त दिसत होता.

१९९० मध्ये इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी याहून सोपी युक्ती काढली. कागदावर थोडं, मध्यम आणि पूर्ण भिजलेल्या पॅडची चित्रं. बाईनं रोज त्याखाली रेघा मारायच्या. शेवटी बेरीज. शंभराच्या वर गेली तर तपासणीची गरज. प्रयोगशाळा लागत नाही, पेन पुरतं.

आणि १९९८ मध्ये लंडनमधून एक अभ्यास आला. जास्त रक्तस्राव होतो म्हणून आलेल्या दीडशे बायका घेतल्या. गर्भाशयात गाठ वगैरे दोष सापडले नव्हते अशा. त्यांची रक्तस्रावाच्या आजारांसाठी तपासणी केली. सतरा टक्के बायकांना असा आनुवंशिक आजार निघाला. तेरा टक्क्यांना व्हॉन विलेब्रांडचा. म्हणजे सहा जणींत एक. त्यांच्या तक्रारीचं मूळ गर्भाशयात नव्हतंच, ते रक्तात होतं.

ओकामोतो यांची गोळी

जास्त रक्त जातं म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या अनेकींना ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या मिळालेल्या असतील. त्या गोळीमागे एक बाई आहे. उताको ओकामोतो, जपानी संशोधक. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हलाखीच्या काळात त्या आणि त्यांचे पती शोसुके यांनी रक्तावर काम करायचं ठरवलं. कारण असं, की पैसे नव्हते आणि रक्त स्वतःचंच वापरता येत होतं. बाळंतपणात रक्त वाहून मरणाऱ्या बायकांसाठी औषध शोधायचं, हे त्यांच्या मनात होतं. लहान मुलीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. एका परिषदेत त्या निबंध वाचायला उभ्या राहिल्या, तर समोरच्या पुरुषांनी विचारलं, तुम्ही नाचून दाखवणार का?

१९६२ मध्ये त्यांनी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड जगापुढे मांडलं. गोठलेलं रक्त शरीर हळूहळू विरघळवत असतं, ते विरघळणं हे औषध लांबवतं. पण बाळंतपणात ते वापरून पाहायला त्यांच्या कोबे शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ तयार झाले नाहीत. तो मोठा प्रयोग व्हायला जवळपास पन्नास वर्षं जावी लागली. एकवीस देशांतल्या वीस हजारांहून जास्त बाळंतिणींवर तो झाला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत हे औषध दिलं, तर रक्त वाहून होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. ओकामोतो त्याच्या आदल्याच वर्षी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारल्या होत्या.

वाहक ते रुग्ण

त्या जुन्या नियमाला धक्का खुद्द हिमोफिलियातही बसला. १९६१ मध्ये मेरी लायन या इंग्लिश शास्त्रज्ञ बाईंनी उंदरांच्या अंगावरच्या रंगाच्या ठिपक्यांवरून एक गोष्ट दाखवली. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक बंद असतो, आणि कोणता बंद होईल हे नशिबावर असतं. म्हणजे 'वाहक' बाईच्या बऱ्याचशा पेशींत चांगला एक्स बंद पडला, तर तिच्या रक्तातही फॅक्टर कमी असणार. तिलाही रक्तस्राव होणार.

हे कळून साठ वर्षं झाल्यावर, २०२१ मध्ये, या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं शब्द बदलले. फॅक्टरची पातळी ठरावीक मर्यादेखाली असलेल्या बाईला आता वाहक म्हणायचं नाही, हिमोफिलियाची रुग्ण म्हणायचं. १९८९ पासून १७ एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन पाळला जातो. २०२५ मध्ये त्याचा विषयच होता, की रक्तस्राव बायकांना आणि मुलींनाही होतो. यॉर्डिसला डॉक्टरांकडे नेल्याला तोवर एकशे एक वर्षं झाली होती.

आपल्याकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे (२०१९–२१) भारतातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सत्तावन्न टक्के बायकांना ॲनिमिया आहे. महाराष्ट्रात चौपन्न टक्के. याचं पहिलं कारण पोटात पुरेसं लोह न जाणं, यात वाद नाही. म्हणून आपण लोहाच्या गोळ्या देतो, गूळ-शेंगदाणे, पालक सांगतो. पण टाकी भरताना खालचा नळ उघडा नाही ना, हे कोण बघतं? 'तुझी पाळी किती दिवस असते' हा प्रश्न हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला दर वेळी विचारला जातोच असं नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची बातमी देशभर गाजली. ऐन तिशीत, काहींनी त्याआधीच, गर्भाशय काढून टाकलं होतं. पाळीचा त्रास, खाडा पडला की मुकादमाचा दंड, कॅन्सरची घातलेली भीती, अशी कारणं त्यामागे होती. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांना रक्तस्रावाचा आनुवंशिक आजार होता असं माझं म्हणणं नाही. मला त्यातला क्रम दिसतो. बाईचं रक्त जास्त जातं म्हटलं, की रक्त तपासण्याआधी पिशवी काढायचा विचार होतो. आणि जिला खरोखरच असा आजार आहे, तिला तर शस्त्रक्रियाच सगळ्यांत धोक्याची, कारण ते कुणाला माहीतच नसतं.

आणखी एक धागा आपल्या लग्नांचा. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. तीव्र प्रकाराला दोन्हीकडून बिघडलेली प्रत लागते हे आपण पाहिलं. नात्यात लग्न झालं की ती शक्यता वाढते.

तपासणीची सोय आपल्याकडे आहे. मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलच्या आवारात रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. मोठ्या शहरांतल्या लॅबमध्येही व्हॉन विलेब्रांड फॅक्टरची चाचणी होते. फक्त ती मागावी लागते. नेहमीच्या रक्ततपासणीत प्लेटलेट ठीक येतात, कधी कधी रक्त गोठण्याच्या साध्या चाचण्याही ठीक येतात, आणि 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून घरी पाठवलं जातं. गरोदरपणात, ताणात किंवा आजारपणात या फॅक्टरची पातळी तात्पुरती वाढते. म्हणून एकदा ठीक आली तरी डॉक्टर पुन्हा करायला सांगू शकतात.

तर मोजायचं काय? पाळी सात दिवसांच्या वर जाते का. पॅड तासा-दोन तासांत पूर्ण भिजतो का. रात्री बदलायला उठावं लागतं का. रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का. लहानपणी घोळणा फुटला की दहा मिनिटांच्या वर चालायचा का. दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबायला त्रास झाला होता का. विनाकारण काळेनिळे डाग पडतात का. आणि हेच सगळं आईला, मावशीला, आत्याला, आजीला विचारायचं. वडिलांकडच्या बायकांनाही.

यातल्या दोन-तीन प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायचं आणि रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे पाठवाल का, असं विचारायचं. जास्त रक्त जाण्याची इतरही कारणं असतात. थायरॉईड, गाठी, वयात येतानाचे हार्मोनचे चढउतार. आजार निघालाच तर उपाय आहेत. ओकामोतो यांची गोळी आहे, हार्मोनच्या गोळ्या आहेत, फॅक्टर वाढवणारं इंजेक्शन आहे, गरज पडली तर प्रत्यक्ष फॅक्टरही देता येतो. कोणता कुणाला, ते डॉक्टर ठरवतील. तोवर दुखण्यासाठी ॲस्पिरिन मात्र मनानं घेऊ नये, त्यानं रक्तस्राव वाढतो.

तुमच्यापैकी अनेकींच्या फोनमध्ये पाळीचं ॲप असेल. त्यात तारीख टाकता. पुढच्या वेळी किती पॅड लागले आणि किती भिजले, तेही टाका. कप वापरत असाल तर त्याच्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात, मग सोपंच. योटेबोर्गच्या बायकांना जे मोजायला प्रयोगशाळा लागली, ते तुम्ही बाथरूममध्ये मोजू शकता.

आणि एकदा घरी विचाराच, की आपल्यात बाळंतपणात कुणी गेलं होतं का. बऱ्याच घरांत उत्तर येतं, 'हो, पणजी गेली, पण तेव्हा तसं व्हायचंच.' कशानं गेली, तेही विचारा. हेलसिंकीच्या त्या डॉक्टरांनी सुरुवात तिथूनच केली होती.